जुन्या 9.9 आउटबोर्डला पाणीपंपाची किट: एक स्टार देणार होतो, चार दिले

एक सीझन पूर्ण वापरल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं म्हणून उशीर झाला. माझं मशीन 1984 चं जॉन्सन 9.9 हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे लावायचं इंजिन, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, चौदा फुटी अ‍ॅल्युमिनियमच्या होडीवर लागतं. इंजिन थंड ठेवायला पाणी वर चढवतो त्या पंपाची पूर्ण किट मी बसवली, मूळ कंपनीची नाही, बाहेरच्या कंपनीची, म्हणजे इम्पेलर (पाणी ढकलणारं रबरी पात्यांचं चाक), त्याची चावी, आतला स्टीलचा कप, खालची प्लेट, वरचं प्लॅस्टिकचं घर, पॅकिंग, ओ-रिंग, स्क्रू असं सगळं एका पुडीत. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रार पण आहे आणि निम्मी चूक माझीच निघाली.

बाहेरचीच का घेतली? जॉन्सन आणि एविनरूड बनवणारी ओएमसी 2000 च्या डिसेंबरमध्ये दिवाळखोरीत गेली, पुढे ब्रँड बॉम्बार्डियरकडे आले आणि 2020 मध्ये एविनरूड पण बंद. तरी या मशीनचे पार्ट अजून सहज मिळतात, कारण 1974 पासून 9.9 आणि 15 हॉर्सपॉवर दोन्ही एकाच 216 सीसीच्या ब्लॉकवर वर्षानुवर्षं निघाली, मुख्य फरक कार्ब्युरेटरचा. थोडक्यात, 15 ची किट म्हणून विकतात ती 9.9 ला पण चालते, फक्त वर्ष बघून घ्या.

आता वर्ष कसं बघायचं, कारण इथे बरेच जण फसतात. मशीन होडीला आवळतो त्या क्लॅम्पजवळच्या पट्टीवर मॉडेल नंबर असतो. 1980 पासूनच्या ओएमसी मशीनांना इंट्रोड्यूसेस या इंग्रजी शब्दाची किल्ली लावायची, आय म्हणजे 1, एन 2, टी 3, आर 4, ओ 5, डी 6, यू 7, सी 8, ई 9 आणि शेवटचा एस म्हणजे 0. माझ्या नंबरात सीआर आहे, म्हणजे 84. विकणारा तोंडाने काय वर्ष सांगतो त्यावर किट मागवू नका, मला मशीन विकणाऱ्याने 88 चं म्हणून सांगितलं होतं 😄

मालाबद्दल बोलायचं तर इम्पेलरचं रबर मस्त आहे, मऊ आणि दाबलं की लगेच सरळ होणारं. कप पण नीट घट्ट बसला, प्लेटला धार नव्हती. वैतागलो ते पॅकिंगवर. खालच्या प्लेटच्या पॅकिंगचं एक भोक बोल्टशी जुळतच नव्हतं, दोन मिलिमीटर तरी सरकलेलं, शेवटी पॅकिंगचा कागद आणून कात्रीने दुसरं कापलं. आणि सोबतचा कागद म्हणजे थट्टाच आहे, एक धूसर चित्र आणि खाली चार ओळी, पाती कुठल्या बाजूला वळवायची ते पण नाही. ते मीच सांगतो. वरून बघितलं तर शाफ्ट (इंजिनपासून खाली येणारा, पंप फिरवणारा दांडा) घड्याळाच्या काट्यांसारखा फिरतो आणि पातींची टोकं मागे पडलेली हवीत, म्हणून घर खाली दाबताना शाफ्ट त्याच दिशेला हळूहळू फिरवायचा, पाती आपोआप वळतात. कोरडं घुसवू नका, रबराला जरा साबणाचं पाणी लावा. शाफ्टच्या आट्यांना ग्रीस फक्त बाजूने लावायचं, वरच्या टोकाला गोळा ठेवला तर त्याला बाहेर निसटायला जागाच उरत नाही आणि मशीनचा खालचा भाग, ज्याच्यावर पंप बसतो, तो पूर्ण वर चढत नाही.

खालचा भाग सोडवायचा तर गिअरच्या दांडीचा जोड आधी सोडवा, नाहीतर ओढत बसाल. माझा एक बोल्ट मिठाने असा धरला होता की दोन दिवस तेल मुरवून, गरम करून, पुन्हा तेल, मग कुठे कुरकुर करत हलला. जोर लावून तोडला असता तर अ‍ॅल्युमिनियममध्ये ड्रिल मारत बसलो असतो.

तर किट बसवली, मोठ्या ड्रममध्ये मशीन चालू केलं आणि पंप चालतोय हे दाखवणारी मागच्या भोकातली पाण्याची धार आली ती नुसती सुतासारखी. दहा मिनिटांत सिलिंडरच्या डोक्यावर बोटाने पाण्याचा थेंब सोडला तर चर्र झालं, लगेच बंद केलं. त्या रात्री मी मनातल्या मनात एक स्टारचा रिव्ह्यू लिहून टाकला होता, शिव्यांसकट.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं उघडलं तर पंप एकदम ठीक. तांब्याची पाण्याची नळी पण रबरी बुचात बरोबर बसलेली, ती चुकली तर पाणी वर जातच नाही म्हणून पहिली शंका तिच्यावरच होती. मग जुना इम्पेलर हातात घेतला आणि डोक्यात प्रकाश पडला, त्याची दोन पाती मुळापासून तुटलेली, आणि पहिल्या दिवशी मी ती बघून 'झिजला बिचारा' म्हणून सरळ कचऱ्यात टाकला होता. तुटलेलं रबर जाणार कुठे? वरून नळीत हवा मारली तर नखाएवढा काळा तुकडा टुण्णकन बाहेर पडला. पुन्हा जोडलं, आता धार पेन्सिलीएवढी जाड, हात लावला तर कोमट. किटची काहीच चूक नव्हती.

तेव्हापासून सीझनभर गोड्या आणि खाऱ्या दोन्ही पाण्यात चालवलं, एकदा उथळ जागी रेती पण ओढली, तरी धार तशीच आहे. खाऱ्या पाण्यातून आलं की गोड्या पाण्यात चालवून धुतो, आणि कोरडं मशीन अगदी अर्धा मिनिट पण चालवत नाही, कारण पाण्याशिवाय हे रबर जळायला वेळ लागत नाही. खालचा भाग उघडलाच होता म्हणून गिअर ऑइल पण बदललं, खालच्या भोकातून भरायचं आणि वरच्यातून बाहेर येईपर्यंत थांबायचं, वरून ओतलं तर हवा अडकते. जुनं ऑइल दुधाळ निघालं, म्हणजे सील पण जाणार, ते पुढच्या वेळी.

नुसता इम्पेलर स्वस्त पडतो म्हणून तेवढाच घ्यायचा विचार असेल तर आधी कप आणि प्लेटवर नख फिरवून बघा, माझ्या कपात नख अडकेल एवढे ओरखडे होते. एक स्टार पॅकिंगचा कापला, चार दिले.

बाकी, तुटलेली पाती दोन होती आणि तुकडा एकच सापडलाय, दुसरा बहुतेक थर्मोस्टॅटच्या (इंजिनचं तापमान सांभाळणाऱ्या झडपेच्या) खोबणीत बसलाय, रविवारी झाकण उघडतोय.