रेरा एजंट लायसन्सचं वार्षिक पॅकेज: वर्षभर वापरल्यानंतर

लातुरात फ्लॅट-प्लॉटच्या व्यवहारात असणाऱ्या आपल्या लोकांसाठी लिहितोय. रेरा म्हणजे फ्लॅट-प्लॉटच्या विक्रीवर नजर ठेवणारा कायदा, त्यात एजंटालाही नोंदणी लागते, तेच आपलं लायसन्स. इथल्या एका कन्सल्टंटचं ‘रेरा एजंट पॅकेज’ मी मागच्या पाडव्याला घेतलं. नाव लिहीत नाही, अशी ऑफिसं आता सगळ्या जिल्ह्यांत झालीत. अहवाल भरणं, नवे नियम कळवणं, जाहिरात तपासणं, सगळं मिळून वर्षाला साडेचार हजार. एकट्या माणसाला नोंदणीची सरकारी फी पाच वर्षांसाठी दहा हजार, म्हणजे वर्षाला दोन हजार. तिची नुसती राखण करायला दुपटीच्या वर पैसे! देताना जिवावर आलं होतं.

तरी दिले, कारण जानेवारी 2024 आठवत होता. महारेरानं, म्हणजे राज्यात हा कायदा राबवणाऱ्या प्राधिकरणानं, तेव्हा राज्यातल्या वीस हजारांच्या आसपास एजंटांची नोंदणी स्थगित केली. परीक्षा देऊन सक्षमता प्रमाणपत्र घ्यायचं आणि वेबसाइटवर अपलोड करायचं, हे ज्यांनी केलं नाही ते सगळे त्यात गेले. औसा रोडवरचा माझ्या ओळखीचा एकजण तर पास झालेला होता. प्रमाणपत्र लॅमिनेट करून भिंतीवर लावलेलं, अपलोड तेवढं राहिलं.

आता मुख्य तक्रार. पॅकेजवाले महारेराच्या वेबसाइटवर आपल्या प्रोफाइलला मोबाइल नंबर त्यांचा टाकतात. फॉर्म भरताना म्हणाले, “काका, तुम्हाला सारखा ओटीपीचा त्रास नको.” ऑक्टोबरात व्यवहारांचा सहामाही अहवाल भरायची वेळ आली, तर लॉगिन होईना. पासवर्ड बदलायचा तर ओटीपी जाणार त्यांच्या पोराच्या नंबरवर, आणि तो पोरगा नोकरी सोडून पुण्याला गेलेला. ऑफिसात गेलो की “सर बाहेर आहेत”, फोन केला की “उद्या करतो.” लायसन्स माझं, पॅनकार्ड माझं, फोटो माझा, दंड झाला तर तोही माझ्याच नावावर, आणि किल्ली मात्र तिसऱ्याच्या खिशात! शेवटी मुदतीच्या तोंडावर त्यांच्या टेबलासमोर बसूनच राहिलो. संध्याकाळी पोराला फोन लागला, ओटीपी आला, नंबर बदलला. हे पहिल्या दिवशी पाच मिनिटांत झालं असतं.

तेव्हाच लिहिलं असतं तर एक स्टारही दिला नसता. पण त्या ऑफिसात महारेराची परिपत्रकं वाचणाऱ्या एक ताई आहेत, त्यांच्यामुळं मत बदललं. नवं परिपत्रक आलं की त्या दोन-तीन मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवतात, आपल्या मराठीत, उदाहरणासकट. जाहिरातीत प्रकल्पाचा क्यूआर कोड टाकायचा नियम ऑगस्ट 2023 पासूनचा आहे, तो सगळ्यांना माहीत. पण एप्रिल 2025 च्या आदेशानं प्रकल्पाचा रेरा नोंदणी नंबर, महारेराची वेबसाइट आणि क्यूआर जाहिरातीत वरच्या उजव्या भागात आला, आणि अक्षरं संपर्काच्या नंबरापेक्षा लहान चालेनात. चुकलं तर पन्नास हजारांपर्यंत दंड. माझ्या फ्लेक्सचं डिझाइन ताईंनी छपाईआधी मागवून घेतलं. क्यूआर खाली डाव्या कोपऱ्यात, बिल्डरच्या फोटोच्या बुटाजवळ, पोस्टाच्या तिकिटाएवढा. फ्लेक्सवाल्याकडून तो वर घेऊन मोठा करवला.

दुसरं त्यांनी सांगितलेलं तर आपल्या मराठवाड्यात प्रत्येकानं ऐकावं. “प्लॉटिंगला कुठं रेरा लागतो?” असं अजून बैठकीत छातीठोक सांगतात. पाचशे चौरस मीटरच्या वर जमिनीचे प्लॉट पाडून विकायला काढले की नोंदणी लागते. बिगरनोंदणीच्या प्रकल्पात आपण गिऱ्हाईक नेलं तर कलम 62 खाली दिवसाला दहा हजार, वाढत वाढत किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत. आपली दलाली दोन्हीकडून धरून दोन टक्के. बार्शी रोडकडचं एक प्लॉटिंग मी त्या मेसेजनंतर सोडलं. उदगीरचं गिऱ्हाईक होतं, मास्तर माणूस, पीएफ काढून पैसे आणले होते. त्यांना आधी महारेराच्या वेबसाइटवर त्या प्लॉटिंगचा नंबर शोधायला लावलं. तिकडं नंबरच नव्हता.

या पाडव्याला पूर्ण पॅकेज घेणार नाही. फक्त परिपत्रकांचे मेसेज आणि जाहिरात तपासून देण्याचे दीड हजार ठरवलेत. अहवाल मीच भरणार, प्रत्येक व्यवहाराची नोंद वहीत तारखेनं असली की तासाभराचं काम आहे.

तुम्ही घेणार असाल तर आधी त्यांच्या समोर बसून लॉगिन उघडा. मोबाइल आणि ईमेल दोन्ही तुमचेच दिसले की मगच फोनपे करा.