रेंज फुल, नेट गायब: भाड्याच्या खोलीतला 'वायफाय बूस्टर'

पुण्यात सदाशिव पेठेत खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या एका मुलाने 'वायफाय बूस्टर'साठी, म्हणजे राउटरचं वायफाय पकडून पुढे पाठवणाऱ्या डबीसाठी, २,५०० रुपये रोख मोजले. विकणारा खोलीवर आला, डबी सॉकेटमध्ये खोचली, मोबाईलवर रेंज फुल दाखवली आणि पैसे घेऊन गेला. संध्याकाळी लेक्चर पहिल्यासारखंच गोल गोल फिरत बसलं. ती डबी उघडल्यावर जे दिसलं ते इथे नीट मांडतो आहोत, म्हणजे पुढच्याचे पैसे तरी वाचतील.

खोक्यावर '१२००' (म्हणजे एमबीपीएसमधला वेग) छापलेलं, वर चार अँटेना. आतून फक्त दोन अँटेनांच्या बारीक वायरी बोर्डाला डाग देऊन जोडलेल्या होत्या. उरलेल्या दोन म्हणजे नुसत्या प्लॅस्टिकच्या कांड्या, बुडाशी तारच नाही. वायफायच्या नेहमीच्या दोन बँडपैकी (लहरींच्या पट्ट्या, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) बोर्ड फक्त २.४ चा, म्हणजे कागदावरसुद्धा जास्तीत जास्त ३०० एमबीपीएसचा. केबल खोचायचा लॅन पोर्टही १०० एमबीपीएसचाच. हे डबी न उघडताही कळतं: बूस्टरच्या वायफायला जोडा आणि मोबाईलच्या वायफाय तपशिलात वारंवारिता आणि लिंक स्पीड बघा. कधीच ५ गिगाहर्ट्झ दिसत नसेल आणि लिंक स्पीड ७२ किंवा १४४ वरच अडकत असेल, तर '१२००' हा आकडा खोक्यापुरताच आहे.

पण खरी फसवणूक अँटेनात नाही, ती रेंज दाखवण्यात आहे. मोबाईलवरची रेंज तुमच्या फोनपासून बूस्टरपर्यंतची असते. बूस्टर पलंगाशेजारी तीन फुटांवर असेल तर ती फुल येणारच. बूस्टरला मूळ राउटरकडून काय मिळतंय, हे त्या चिन्हात कुठेच दिसत नाही. या खोलीत राउटरचा सिग्नल उणे ८२ डीबीएम होता (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप; उणे आकडा शून्यापासून जितका दूर, तितका सिग्नल कमजोर). मध्ये जुन्या वाड्याच्या जाड भिंती आणि एक लोखंडी कपाट. इतका मोडका सिग्नल पकडून बूस्टर मोडकंच नेट पुढे ढकलतो. शिवाय एकाच बँडचा बूस्टर ऐकतो आणि बोलतो त्याच चॅनलवर, त्यामुळे हाती लागणारा वेग जवळपास निम्मा होतो. विकणाऱ्याला हे माहीत असतं, म्हणूनच तो रेंज दाखवतो, स्पीड टेस्ट करून दाखवत नाही.

म्हणून पैसे देण्याआधी स्वतः मोजा. वायफायचा सिग्नल डीबीएममध्ये दाखवणारं एखादं मोफत अ‍ॅप घ्या. उणे ५० ते ६० उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ७५ च्या खाली नेट तुटत राहणार. मग राउटरच्या शेजारी उभं राहून स्पीड टेस्ट करा, आणि तीच खोलीत करा. राउटरजवळही वेग पडलेला असेल तर दोष लाइनचा किंवा प्लॅनचा आहे. मालकाने ५० एमबीपीएसच्या एका कनेक्शनवर दहा मुलं बसवली असतील, तर कुठलाही बूस्टर ते ६० करू शकत नाही. फायबरच्या डब्यावर एलओएसचा (फायबरमधून सिग्नल येत नसल्याचा) लाल दिवा लागला असेल तर कंपनीकडे तक्रार करा, खोलीत काही विकत आणू नका.

चांगला, दोन बँडचा बूस्टरही असतो, पण त्याची जागा खोलीत नाही. जिथे राउटरचा सिग्नल उणे ६० ते ६५ मिळतो तिथे, म्हणजे साधारण मधल्या वाटेवर, जिन्यात किंवा पॅसेजमध्ये. तिथला सॉकेट मालकाचा असतो, म्हणून आधी परवानगी घ्या.

आमचा कौल मात्र केबललाच. या खोलीत मुख्य राउटरपासून १५ मीटर कॅट ६ (नेटची) केबल खिडकीच्या चौकटीतून आणून तिला जुना राउटर जोडला, भिंतीला एकही भोक न पाडता. जुन्या राउटरमध्ये 'अ‍ॅक्सेस पॉइंट' मोड (केबलने आलेलं नेट फक्त वायफायवर देणारा) असेल तर तोच निवडा. नसेल तर त्याला मुख्य राउटरच्याच मालिकेतला, पण इतर कुणाला वाटला न जाणारा पत्ता (आयपी अ‍ॅड्रेस) द्या, डीएचसीपी (पत्ते आपोआप वाटण्याची सोय) बंद करा आणि केबल वॅनमध्ये (बाहेरचं नेट येतं त्या पोर्टमध्ये) नाही, लॅन पोर्टमध्ये खोचा. डीएचसीपी बंद करायचं राहिलं तर दोन राउटर पत्ते वाटत बसतात आणि अख्ख्या घराचं नेट अडखळतं. मग मालक तुमच्यावर चिडला तर त्याचं चुकत नाही.

केबलमध्येही फसवतात. 'कॉपर' म्हणून तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार गळ्यात मारतात. टोकाची एक तार सोलून ब्लेडने खरवडा: आतपर्यंत लालसर राहिली तर तांबं, पांढरट निघाली तर परत करा. ही अ‍ॅल्युमिनियमची तार जॅकपाशी वाकवली की लवकर तुटते. गिगाबिटला आठही तारा लागतात. एक जरी तुटली तरी वेग १०० वर येऊ शकतो, आणि दोष मात्र राउटरवर ढकलला जातो.

सेटिंग करून देणाऱ्याने राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड पाहिला असेल तर तो त्याच दिवशी बदला. बूस्टरचं स्वतःचं वायफाय पासवर्डशिवाय उघडं राहिलं नाही ना, तेही बघा. आणि मोबाईलच्या टॉवरचा सिग्नल वाढवणारं यंत्र कुणी गच्चीवर लावून देतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा. परवानगीशिवाय ते लावणं बेकायदा आहे.

पैसे गेलेच असतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. त्याने काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा: २ वर्षांच्या आत, आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क लागत नाही. या मुलाकडे बिल नव्हतं, पण विकणाऱ्याचा 'स्पीड डबल होईल, गॅरंटी' असा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज होता. तो, बसवण्याआधीच्या आणि नंतरच्या स्पीड टेस्टचे स्क्रीनशॉट, आणि बुडाशी तार नसलेल्या त्या दोन अँटेनांचा जवळून काढलेला फोटो, इतकं त्याने तक्रारीला जोडलं आहे.