हेडलाइट लख्ख, म्हणून ‘सेल्फ’ जळाला?

गेल्या मे महिन्यात अंबाजोगाईला योगेश्वरीचे दर्शन घेऊन लातूरला परतताना रेणापूरच्या अलीकडे आम्ही एका रसवंतीवर थांबलो. अर्ध्या तासाने किल्ली फिरवली, तर ‘टक’ असा एकच आवाज आला आणि गाडी गप्प झाली. भर दुपार, सोबत ऐंशीच्या घरातली आई आणि सावली काय ती रसवंतीच्या मांडवाची. त्यामुळे कुणीतरी फोन करून बोलावलेला मेकॅनिक वीस मिनिटांत दुचाकीवरून आला, तेव्हा तो मला देवासारखा वाटला, हे कबूल करतो.

त्याने हेडलाइट लावायला सांगितले आणि समोर उभा राहून निर्णय दिला, “काका, लाईट बघा कशी फकफकीत लागायली. बॅटरी टकाटक हाय. सेल्फ जळालाय तुमचा.” मला ते पटले. सेल्फ म्हणजे इंजिन फिरवून गाडी सुरू करून देणारी मोटर. नव्या सेल्फचे साडेसात हजार रुपये ठरले आणि जुना दुकानात जमा करावा लागतो, असे सांगून तो काढलेला सेल्फ पिशवीत घालून घेऊन गेला. तासाभराने चकचकीत चंदेरी सेल्फ घेऊन परतला. त्याला थिनरचा वास येत होता. नव्या मालाला येतोच, असे तो म्हणाला. सेल्फ बसवून त्याने बॅटरीची वायर जोडली आणि गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. पैसे मी मोबाइलवरून दिले. बिल मागितले नाही.

नवव्या दिवशी घराच्या अंगणात पुन्हा तोच ‘टक’. या वेळी लातूरच्या आमच्या नेहमीच्या मेकॅनिकला बोलावले. त्यानेही हेडलाइटच लावायला सांगितले, पण ते चालू ठेवून किल्ली फिरवायला लावली आणि त्या क्षणी दोन्ही दिवे विझल्यासारखे झाले. त्याचे म्हणणे असे की, दोन साध्या हॅलोजन दिव्यांना मिळून नऊ-दहा अँपिअर पुरतात, तर सेल्फला शंभराच्या वर लागतात. जोड सैल किंवा गंजलेला असला, तर थोडा करंट निभावून जातो आणि मोठा अडतो. म्हणून नुसते दिवे लख्ख दिसण्यावरून सेल्फबद्दल काहीच सिद्ध होत नाही. किल्ली फिरवतानाही ते तसेच लख्ख राहिले असते, तर मात्र सेल्फवर किंवा त्याच्या वायरिंगवर संशय घेता आला असता. मग त्याने मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर आणि दुसरी त्यावर बसणाऱ्या वायरच्या पकडीवर, म्हणजे टर्मिनलवर टेकवून मला पुन्हा किल्ली फिरवायला सांगितली. जिथे अर्धा व्होल्टही दिसायला नको, तिथे चारच्या वर आकडा आला.

टर्मिनल उघडल्यावर पांढरट-निळसर भुकटीसोबत एक घडी घातलेला पत्र्याचा तुकडा हातात आला. थंड पेयाच्या डब्यातून कापलेला, एका बाजूला अजून लाल रंग असलेला. टर्मिनल झिजून ढिले झाले होते आणि खरा दोष तेवढाच होता. म्हणजे रसवंतीवरच्या त्या माणसाला तो नेमका कळला होता, त्याने तो पत्रा सारून तात्पुरता दूरही केला होता आणि पैसे मात्र सेल्फचे घेतले होते. अडाणीपणाने चुकला असता तर मी एवढा चिडलो नसतो.

उरली शंका सेल्फने फेडली. थिनरच्या बोळ्याने चंदेरी रंग पुसताच खाली खिळ्याने कोरलेले महिना-वर्ष दिसले. दोन वर्षांपूर्वी कार्बन ब्रश बदलताना आमच्याच मेकॅनिकने ते कोरले होते. माझाच सेल्फ रंगवून मला विकला गेला होता.

वाटेत गाडी अशी अडली, तर कुणाला बोलावण्याआधी दिवे लावून किल्ली फिरवून पाहावी आणि गाडी बंद असताना बॅटरीची टर्मिनल हाताने हलतात का, ते तपासावे. हलत असतील, तर दहा नंबरचा पाना बहुतेक गाड्यांना चालतो. आवळताना तो दोन्ही खुंटांना एकदम लागू देऊ नये, ठिणगी उडते. भाग बदलावाच लागला, तर जुना भाग आपल्याकडे ठेवावा. तो जमा न केल्यामुळे जास्तीचे पैसे पडले तरी चालतील.

त्या मेकॅनिकचा फोन आता लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवताना पहिला प्रश्न बिलाचाच आला, तेव्हा माझ्याकडे दाखवायला मोबाइलवरची पैसे दिल्याची नोंद आणि तो पत्र्याचा तुकडा एवढेच होते. नवे टर्मिनल १८० रुपयांना मिळाले.