रबरी गादी, पाइप आणि एक पाट: सोन्याच्या मागच्या पायांसाठी आठ महिने केलेला व्यायाम

आमचा सोन्या लॅब्राडॉर आहे, वय सात. आम्ही परळला जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही. लाकडी जिना, ४२ पायऱ्या. पुढचं सगळं त्या जिन्यापासून सुरू झालं म्हणून हे आधी सांगितलं.

गेल्या मे महिन्यात तो जिना चढताना मागचे दोन्ही पाय एकदम उचलून सशासारख्या उड्या मारायला लागला. आम्हाला वाटलं, मस्तीत आहे. मग एका रविवारी नखं कापायला बसले तेव्हा दिसलं की मागच्या पायांची मधली दोन-दोन नखं वरच्या बाजूने घासून सपाट झाली आहेत. पुढच्या पायांची मात्र व्यवस्थित वाढलेली. म्हणजे चालताना मागची पावलं तो पुरती उचलतच नव्हता, जमिनीवरून ओढत होता. किती दिवस ओढत असेल, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही.

एक्स-रेमध्ये खुब्याचे सांधे नीट बसलेले नाहीत असं निघालं, म्हणजे हिप डिसप्लेशिया. या जातीत तो बराच आढळतो. शिवाय वजन ३८ किलो. उद्या याला जिना चढवेना झाला तर उचलून आणणार कोण? घरात मी, सासूबाई आणि बारावीतला मुलगा.

डॉक्टरांनी दुखण्यावर औषध दिलं आणि दोन कामं सांगितली: वजन उतरवा, आणि न पळवता मागचे स्नायू बांधा. अमेरिकेतल्या एका अभ्यासाबद्दलही त्यांनीच सांगितलं. ४८ लॅब्राडॉरच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला घातलं, तेही आयुष्यभर. २००२ साली निष्कर्ष छापून आले. कमी खाणारे सुमारे १.८ वर्षं जास्त जगले आणि त्यांना सांध्यांचा त्रासही उशिरा सुरू झाला. हे ऐकून सर्वात जास्त बदलल्या त्या सासूबाई. तोवर त्यांच्या पानातली तूप लावलेली अर्धी पोळी सोन्याची ठरलेली होती. आता त्याचं खाणं त्याच स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजतात आणि त्यातलं मूठभर व्यायामाच्या वेळी द्यायला बाजूला काढतात. बक्षीस म्हणून वेगळं खाणं द्यायचं नाही, दिवसाच्या खाण्यातलंच द्यायचं. फार तर गाजराचे तुकडे.

जून ते जानेवारी वापरलेल्या वस्तू अशा: हवा भरायची गोल रबरी गादी (साधारण १,६०० रुपये), तीन योगा मॅट, हार्डवेअरच्या दुकानातून कापून आणलेले सहा पीव्हीसी पाइप, आणि सासूबाईंचा जेवायला बसायचा सागवानी पाट.

यातला सगळ्यात उपयोगी खर्च मॅटचा, हे मला अजिबात अपेक्षित नव्हतं. मुंबईतल्या बहुतेक घरांसारखी आमचीही फरशी गुळगुळीत. त्यावर उठताना सोन्याचे मागचे पाय फाकायचे, म्हणून तो उठायचंच टाळायचा. त्याच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत मॅट अंथरल्या, तळव्याच्या गाद्यांमधले वाढलेले केस कापले, आणि आठवड्याभरात तो आपणहून उठून खोलीत फिरायला लागला. बाकी काही परवडत नसेल तर एवढं तरी कराच.

पाइप ओळीने आडवे मांडायचे आणि सोन्याने ते ओलांडत चालायचं. विटांवर ते नुसते टेकवलेले, बांधलेले नाहीत. पाय लागला तर पाइप पडला पाहिजे, कुत्रा नाही. पहिले पंधरा दिवस पाइप जमिनीवरच ठेवले. मग चार बोटं उंच, त्यापेक्षा जास्त नाही. दोन पाइपांमधलं अंतर साधारण त्याच्या खांद्याच्या उंचीएवढं. आणि जायचं ते हळू. वेगात गेला की तो उडी मारून सुटतो, हळू गेला तर प्रत्येक पाऊल वेगळं उचलावं लागतं, आणि मागचे पाय कुठे आहेत याचं भान त्यालाच ठेवावं लागतं. कुत्र्याच्या वजनाचा साधारण ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो. मागे दुखत असलं की तो आणखी पुढे सरकवतो, मग मागचे पाय बारीक होत जातात आणि पुढचे खांदे आखडतात. पहिल्या दिवशी सोन्याने पुढचे पाय सुरेख टाकले आणि मागच्यांनी सहाच्या सहा पाइप पाडले. आता महिनाभर एकही पडलेला नाही.

पाटाचा व्यायाम माझा सगळ्यात आवडता. पुढचे दोन पाय पाटावर, पाट जागेवर, आणि मागच्या पायांनी घड्याळाच्या काट्यासारखं गोल फिरायचं. पाट सरकू नये म्हणून खाली मॅटचा तुकडा. सुरुवातीला अर्धं पाऊलसुद्धा आडवं टाकता येत नव्हतं. मी त्याच्या खांद्याजवळ उभी राहून एक पाऊल सरकायचे, तो मान वळवायचा, आणि बऱ्याच वेळाने मागचा उजवा पाय चोरून बाजूला टाकायचा. त्या एका पावलाला "शाब्बास" आणि एक दाणा. दीड महिन्याने पूर्ण फेरी झाली. डावीकडून झाली, उजवीकडून व्हायला आणखी तीन आठवडे लागले. कुठला पाय कच्चा आहे हे मला एक्स-रेपेक्षा पाटाने जास्त नीट दाखवलं.

रबरी गादीबद्दल मत संमिश्र आहे. पुढचे पाय गादीवर ठेवून नुसतं उभं राहिलं तरी मांड्या थरथरतात, म्हणजे काम होतंय. पण हवा कमी भरून सुरुवात करायला हवी, ती मी गच्च भरली होती. आणि तिसऱ्या महिन्यात सोन्या वर उभा असतानाच शिवणीतून हवा गेली. तो घाबरला, पुढे दहा दिवस गादीकडे फिरकला नाही. विकणाऱ्याने बदलून दिली नाही. दुसरी घेताना जाड रबराची आणि वजनाची मर्यादा छापलेली बघून घेतली, ती टिकली आहे.

माझी मोठी चूक ऑगस्टमधली. जमतंय म्हणून एका दिवशी सगळे प्रकार मिळून पाऊण तास करून घेतले. दुसऱ्या दिवशी तो पाय टेकेना. चार दिवस पूर्ण विश्रांती. तेव्हापासून दिवसाला दोनदा पाच-सात मिनिटं, आठवड्यात दोन दिवस सुट्टी. पाय थरथरायला लागले, जीभ लांब लोंबायला लागली किंवा तो जमिनीचा वास घेत टाळाटाळ करू लागला की तिथेच थांबायचं.

पावसाळ्यात घरातला व्यायाम फार कामाला आला. आमच्या भागात पाणी तुंबतं, आणि त्या पाण्यातून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या संसर्गाचा) धोका कुत्र्याला असतो तसा आपल्यालाही असतो. लस वेळेवर दिली तरी त्याला तुंबलेल्या पाण्यातून नेत नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात फिरणं सकाळी सहाला. हवेत दमटपणा असला की धापा टाकूनही कुत्र्याचं अंग लवकर थंड होत नाही.

एक गोष्ट ठरवून केलेली नव्हती. गणपतीत आमच्याकडे दहा दिवस ढोल-ताशा असतो आणि सोन्या दरवर्षी मोरीत जाऊन बसायचा. या वेळी विसर्जनाच्या रात्री मिरवणूक खालून जात असताना तो उठला, पाटाकडे गेला, पुढचे दोन पाय त्यावर ठेवले आणि माझ्याकडे बघत उभा राहिला. कान मागे, अंग ताठ, पण पाय तिथेच. आम्ही त्या आवाजात चार फेऱ्या मारल्या.

जानेवारीत वजन ३३.५ किलो. मांडीचा घेर शिंप्याच्या टेपने, दर महिन्याला त्याच जागी मोजत होते, तो दोन सेंटिमीटरने वाढला. बसताना एक पाय बाहेर टाकायचा, आता दोन्ही पाय पोटाखाली घेऊन सरळ बसतो. नखं पुन्हा टोकदार झाली आहेत. औषध डॉक्टरांनी निम्मं केलं, मी आपल्या मनाने केलेलं नाही.

पिल्लू असेल तर पाइप जमिनीवरच ठेवा आणि वाढ पूर्ण होईपर्यंत उड्या नकोत. लंगडणाऱ्या कुत्र्याला एक्स-रेआधी यातलं काहीच नको.

जिना चढताना आता तो एकेक पाय टाकत चढतो, मधल्या चौकात एकदा थांबतो. उतरताना अजून त्रास आहे. तेव्हा मी त्याच्या पोटाखालून जुना टॉवेल घेते, दोन्ही टोकं हातात धरते, आणि त्याच्या चालीने आम्ही ४२ पायऱ्या उतरतो.