इनॅमल वाढवून देतो म्हणाले, २५,८९९ रुपये घेऊन गेले

लिहायलाही लाज वाटतेय, कारण मी अकाउंट्समधला माणूस. दिवसभर दुसऱ्यांची व्हाउचर तपासतो आणि स्वतःच्या दातांपायी २५,८९९ रुपये घालवून बसलो. तेही पक्कं बिल न घेता!

गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, लहानपण बोअरच्या पाण्यावर गेलं. पाण्यात लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड चालत नाही, हे आता कळलं. त्याच पाण्याने पुढच्या दातांवर तपकिरी डाग, त्यामुळे ग्रुप फोटोत ओठ मिटून उभं राहायचं. अशा माणसाला मोबाइलवर ‘सहा सिटिंगमध्ये नवं इनॅमल’, म्हणजे दातांवरचं नवं कडक आवरण, अशी जाहिरात दिसली, तर तो जाणारच ना? हसणाऱ्यांनी हसावं.

पॅकेज १८,५००. दुसऱ्या सिटिंगला ‘सर, तुमचं इनॅमल फारच पातळ आहे’ म्हणून बूस्टर पावडर, २,४००. तिसऱ्याला लेझर अपग्रेड, ४,९९९. पाचव्याला गेलो तर शटर खाली, फोन बंद.

खरी चीड वेगळ्याच गोष्टीची येते. पहिल्या दिवशी तिथल्या मुलीने एक फॉर्म पुढे सरकवला. ‘फॉर्मॅलिटी आहे सर.’ खाली बारीक अक्षरात होतं: ही दंतचिकित्सा नसून कॉस्मेटिक पॉलिशिंग आहे. मी ते वाचलं. हो, वाचलं! पण टेबलावर आरसा होता, त्यात माझेच दात दिसत होते. केली सही.

आणि ते ‘आफ्टर’चे फोटो! ओठ ताणून अर्धा तास बसवलं की दात कोरडे पडतात, कोरडा दात तात्पुरता फिकट दिसतो. नेमका तेव्हाच रिंगलाइटखाली फोटो. दुसऱ्या दिवशी दात होते तसेच, वर गार पाणी लागलं की कळ मस्तकात.

शेवटी डेंटिस्टकडे गेलो. त्या म्हणाल्या, इनॅमल तयार करणाऱ्या पेशी दात उगवल्यावर उरतच नाहीत. आहे ते थोडं कडक करता येतं, नवं येत नाही. फ्लोरोसिसचा, म्हणजे जास्त फ्लोराइडमुळे होणारा दोष दात घडतानाच आत बसलेला. खरखरीत पावडरने तो जात नाही, उलट इनॅमल झिजतं आणि आतलं पिवळं डेंटिन जास्त दिसायला लागतं. डागाच्या खोलीप्रमाणे मायक्रोॲब्रेजन (वरचा अगदी पातळ थर घासून काढणं), कंपोझिट (दाताच्या रंगाचं भरण) किंवा व्हिनियर (दातावर चिकटवायचा पातळ पापुद्रा) करता येईल, पण आधी ही कळ थांबू दे. हे ऐकायला आधीच गेलो असतो तर?

पोलिसांकडे गेलो. ‘पैसे तुम्हीच दिलेत ना? मग दिवाणी मामला.’ दुसऱ्या साहेबांनी विचारलं, ‘दाताचा कसला गुन्हा?’ एका सरकारी कार्यालयात तीन चकरा. पहिल्यांदा अर्ज चुकीच्या नमुन्यात, दुसऱ्यांदा संबंधित कर्मचारी रजेवर, तिसऱ्यांदा उत्तर मिळालं, ‘तो डॉक्टरच नाही, तर आमच्याकडे कशाला?’ अहो, डॉक्टर नाही म्हणूनच तर आलोय! नोंदणीशिवाय दातांवर उपचार करायचे नाहीत, असा १९४८ पासून कायदा आहे. तो काय कपाटात ठेवायला केला?

दातांना हात लावू देण्याआधी नोंदणी क्रमांक मागा. ‘इनॅमल उगवतं’ म्हणणाऱ्यासमोर बसूच नका. पॅकेजचे सगळे पैसे आगाऊ देऊ नका. १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर ग्राहक आयोगात तक्रारीला फी नाही. मी आता तिथेच चाललोय.

पुरावा म्हणून ती पावडरची डबी जपून ठेवलीय. आत्ता उलटून पाहिली, घटकांची यादी कुठेच छापलेली नाही.