कांद्याचा भाव, मंडळाचा पाऊस आणि रिकामे रकाने: सरकारी आकडे दहा महिने वापरल्यावर

रोज सकाळी दादाचा फोन येतो. "काल सोलापूरला आवक किती झाली, बघ की रं. अन् भाव काय निघाला?" दादा मोहोळ तालुक्यात कांदा करतो, मी सोलापुरात हिशेबाची कामं करतो. गेल्या नोव्हेंबरपासून सरकारी साइटवरचे बाजारभाव, आमच्या महसूल मंडळाचा (म्हणजे आसपासच्या काही गावांच्या गटाचा) पाऊस आणि उजनी धरणाचा साठा मी रोज उतरवून ठेवतोय. दहा महिने झाले. ज्यांना हे करायचंय त्यांच्यासाठी अनुभव लिहितो.

आधी एक शंका मिटवतो, कारण मलाही ती होती. हे आकडे वापरायला कुणाची परवानगी लागते का? केंद्राच्या पोर्टलवरच्या आकड्यांना नाही. केंद्र सरकारने 2012 मध्ये माहिती खुली करण्याचं धोरण आणलं, त्याच वर्षी त्याचं पोर्टल सुरू झालं आणि 2017 मध्ये वापराचा परवानाही जाहीर झाला. त्या पोर्टलवरची माहिती उतरवा, छापा, तिच्यावर धंदा करा, फक्त कुठून घेतली ते सांगा.

खरा फायदा झाला तो बाजारभावाचा. तिथे किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात, रुपये प्रति क्विंटल. आम्ही इतकी वर्षं कमाल दर बघून माल भरत होतो, कारण चर्चा त्याचीच होते. समजा किमान 200, कमाल 4,000 आणि सर्वसाधारण 1,500 असेल, तर 4,000 हा निवडक चार-दोन वक्कलांचा (लिलावातल्या ढिगांचा) भाव. आपला माल 1,500 च्या आसपास जाणार असं धरूनच गाडीभाडं ठरवायला पाहिजे. मागच्या वर्षांचे आकडे शेजारी लावल्यावर आणखी एक कळलं: सुट्टीनंतर बाजार उघडला की आवक फुगते आणि सर्वसाधारण दर खाली येतो. 8 डिसेंबर 2023 ला निर्यातबंदी लागली आणि 4 मे 2024 ला उठली, त्या काळाचा वेगळा तक्ता केला, नाहीतर सगळीच तुलना फसते. लाल कांदा उन्हाळीसारखा कांदाचाळीत टिकत नाही, त्यामुळे थांबून थांबून आठ-दहा दिवसच थांबता येतं. पण त्या आठ-दहा दिवसांतला दिवस निवडता आला, यंदा दादाने माल एकदम न भरता दोन खेपांत पाठवला, आणि सुट्टीनंतरची गर्दी टळली. एवढ्यासाठीसुद्धा माझे दहा महिने वसूल.

तक्त्यातला भाव म्हणजे हातात पडणारे पैसे नव्हेत, हे मात्र पक्कं ध्यानात ठेवा. हमाली, तोलाई, गाडीभाडं हे सगळं पट्टीवर, म्हणजे विक्रीनंतर मिळणाऱ्या हिशेबाच्या पावतीवर येतं, तक्त्यात नाही. 2023 च्या फेब्रुवारीत बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला 512 किलो कांद्याचे खर्च वजा जाता 2 रुपये मिळाले होते, तो चेक सगळ्या महाराष्ट्राने पाहिला. दराच्या कुठल्याच रकान्यात ते 2 रुपये दिसत नाहीत. म्हणून मी दादाच्या आणि त्याच्या शेजाऱ्यांच्या पट्ट्यांचे फोटो मागवतो आणि तक्त्याशेजारी नोंदवतो.

आता ज्याने मला सगळ्यात जास्त छळलं त्याबद्दल. रिकामा रकाना.

जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत काही तारखांच्या ओळीच नव्हत्या. ते ठीक, लिलाव बंद होते. पण फेब्रुवारीतही चार दिवसांच्या ओळी नव्हत्या, आणि त्यातल्या दोन दिवशी दादा स्वतः यार्डात उभा होता, त्याच्या पट्टीवर तारीख आहे! म्हणजे बाजार भरला, माल विकला, पण नोंद वर पोचली नाही. बाजार बंद, आवक नाही आणि नोंद भरली नाही या तीन वेगवेगळ्या गोष्टी, आणि साइटवर तिन्ही सारख्याच दिसतात: काहीच नाही. ज्याने पट्टी पाहिली नाही तो त्या दिवशी आवक शून्य धरणार, महिन्याची सरासरी काढणार, कुणीतरी त्यावर बातमी करणार. एक छोटा रकाना वाढवून त्यात "बंद" किंवा "नोंद प्रलंबित" एवढं लिहिलं तरी काम होईल. मी तसं साइटवरच्या अभिप्रायात दोनदा कळवलंय.

उतरवलेली फाइल एक्सेलमध्ये थेट उघडू नका. मराठी अक्षरांचं कडबोळं होतं, आणि कॉम्प्युटर अमेरिकन पद्धतीवर असेल तर 05/01 ही 5 जानेवारी गुपचूप 1 मे होते. माझी जानेवारीतली आवक अशीच मे महिन्यात जाऊन बसली होती, आणि मे महिन्यात लाल कांदा एवढा कुठून आला म्हणून मी दोन रात्री डोकं धरून बसलो. डेटा मेनूतून आयात करा, अक्षरांसाठी यूटीएफ-8 हा पर्याय निवडा, तारखेचा क्रम दिवस-महिना-वर्ष असा सांगा. तालुक्यांची नावंही जुळवून घ्यावी लागतात. जनगणनेत इंग्रजीत सांगोले आणि मंगळवेढे, इतरत्र सांगोला आणि मंगळवेढा. कॉम्प्युटरला ते चार तालुके वाटतात.

पावसाचे आकडे मंडळनिहाय मिळतात आणि 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर गेला की अतिवृष्टी धरतात. जूनमधल्या एका रात्री आमच्या मंडळात तेवढा पडला, दुसऱ्या दिवशी मी त्या पानाची प्रत काढून दादाच्या नुकसानीच्या अर्जाला जोडली. तलाठ्यासमोर "लई पाऊस झाला" म्हणणं आणि कागद ठेवणं यात फरक पडतो, तो मी डोळ्यांनी पाहिला. अडचण अशी की पर्जन्यमापक आमच्या शिवारापासून लांब आहे. ओढ्यापलीकडे ढग फुटला आणि मापकावर शिंतोडे, असं झालं तर कागद उलटा आपल्या विरोधात जातो.

उजनीचं थोडक्यात. एकूण साठा सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला 63.66 मृत, उपयुक्त 53.57. एकूण रकान्यात 60 दिसलं तरी धरण वजा असतं, कारण पाणी मृत साठ्याच्याही खाली गेलेलं असतं. शहरात पाणी किती दिवसांनी येणार याचा अंदाज बांधायला उपयुक्त साठ्याचाच रकाना बघा.

साइटवर नसलेली तालुकानिहाय माहिती मी एका कार्यालयातून माहिती अधिकारात मागितली. 10 रुपयांचा स्टॅम्प, तिसाव्या दिवशी उत्तर, पण छापील, 46 पानं, आणि तीही झेरॉक्सची झेरॉक्स. 2005 च्या कायद्यात फ्लॉपीवरसुद्धा माहिती मागता येते असं स्पष्ट लिहिलंय, तेव्हा अर्जातच "इलेक्ट्रॉनिक स्वरूपात, एक्सेल फाइल" असं लिहा. मी लिहिलं नव्हतं. ती 46 पानं मी आणि माझ्या मुलीने अकरा रविवार बसून टाइप केली, ती वाचायची, मी भरायचो, मग अदलाबदल करून तपासायचो.

सध्या मोहोळ आणि उत्तर सोलापूरची फाइल नीट झालीय. माढा आणि करमाळ्याकडच्या पट्ट्या कमी पडतात. तुमच्याकडे फेब्रुवारीतल्या कांद्याच्या पट्ट्या असतील तर नाव-नंबर झाकून, तारीख, वजन आणि दर दिसेल असा फोटो पाठवा. ते चार रिकामे दिवस मला भरायचेत.