कोठीतल्या गव्हासाठी नळीचा सापळा: पाच महिन्यांच्या वापरानंतर

यंदा अक्षय्य तृतीयेच्या सुमारास वर्षाचा लोकवन गहू भरताना कोठीत कोणत्याही गोळ्या टाकायच्या नाहीत, असे आम्ही ठरवले आणि त्याऐवजी कोईमतूर येथील तामिळनाडू कृषी विद्यापीठाने विकसित केलेले कीड पकडण्याचे चार सापळे मागवले. साधारण २५ किलो धान्याला दोन ते तीन सापळे लागतात; आमची पत्र्याची कोठी ५० किलोची आहे.

सापळ्याची रचना अगदी साधी आहे. सुमारे २ मिलिमीटरची छिद्रे असलेली एक नळी, तिच्या खालच्या टोकाला वेगळा काढता येणारा शंकू आणि वर लाल टोपण. नळी धान्यात उभी खोचायची, शंकू खाली ठेवायचा आणि टोपण धान्याच्या पातळीला आणायचे. साठवणीतल्या किडी धान्यात सतत फिरत असतात आणि हवेकडे ओढल्या जातात, या सवयीचाच येथे उपयोग केला आहे. छिद्रातून आत आलेला किडा शंकूत पडतो आणि गुळगुळीत भिंतीवरून त्याला वर चढता येत नाही. औषध नाही, आमिष नाही, वासही नाही.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत शंकू रिकामे होते. नंतर एका सापळ्यात सात किडे सापडले. वरून पाहता कोठी स्वच्छ दिसत होती आणि एरवी हा प्रकार गणपतीच्या आसपास, गहू दळायला काढताना, लक्षात आला असता. भिंगाखाली प्रत्येकाच्या डोक्यापुढे लांब सोंड दिसली, म्हणजे हे सोंडे, ज्यांना बरेच जण टोके म्हणतात. हे कळणे महत्त्वाचे होते, कारण सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडे घालते व ते भोक बुजवून टाकते; अळी आणि कोष दाण्याच्या पोटातच वाढतात आणि उबदार, दमट हवेत साधारण महिनाभरात किडा बाहेर पडतो. चाळणीने चालते-फिरते किडे जातात, आतली पिढी जात नाही. पावसाळ्यात कडक ऊन मिळणे शक्य नव्हते, म्हणून वरच्या थरातला गहू दोन-दोन किलोच्या बंद पिशव्यांत भरून उणे १८ अंशाच्या फ्रीझरमध्ये चार-चार दिवस ठेवला आणि पिशवी पूर्णपणे घरातल्या तापमानाला आल्यावरच उघडली. तसे न केल्यास दाण्यांवर दव धरते आणि एक संकट टाळताना बुरशीचे दुसरे ओढवून घेतले जाते.

ऑगस्टमध्ये शंकूत वेगळा पाहुणा आला: तांबूस, चपटा, सोंड नसलेला, तीन-चार मिलिमीटरचा. हा पिठातला तांबडा भुंगेरा. अखंड दाणा फोडणे याला सहसा जमत नाही. तो तुटक्या दाण्यांवर आणि पिठूळ धुळीवर जगतो. म्हणजे दोष आमच्या चाळणीचा होता. संपूर्ण गहू काढून बारीक चाळणीने चाळला, कोठीचे सांधे कोरड्या ब्रशने साफ केले आणि पुढच्या तीन आठवड्यांत सापळ्यांत मिळून दोनच भुंगेरे सापडले. कोणता किडा आहे त्यावरून काय करायचे ते ठरते, आणि माझ्या मते या सापळ्याची खरी किंमत यातच आहे.

मर्यादाही स्पष्ट आहेत. सापळ्यात केवळ प्रौढ किडे पडतात, त्यामुळे एक आठवडा शंकू रिकामा राहिला म्हणून निश्चिंत होऊ नये; निदान दीड महिना दर आठवड्याला पाहावे. पीठ, रवा, खसखस आणि नाचणी यांसाठी तो निरुपयोगी आहे, कारण ती छिद्रांतूनच आत सांडतात. लहान डब्यात नळी नीट उभी राहत नाही. लाल तिखट आणि हळदीत होणाऱ्या गोलसर तपकिरी भुंगेऱ्यांसाठी हवाबंद बरणी आणि थोडीथोडी खरेदी हाच उपाय. कडधान्यांसाठी सापळा चालतो, मात्र मूग-चवळीच्या दाण्यावर पांढरे ठिपके दिसले तर ती कडधान्यातल्या भुंगेऱ्याची अंडी असतात आणि तेव्हा सापळ्याची वाट न पाहता ते धान्य सरळ फ्रीझरमध्ये टाकावे.

काही दुकानदार अजूनही घरच्या कोठीसाठी ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या सुचवतात. हवेतल्या ओलाव्याने या गोळ्यांतून फॉस्फीन हा अत्यंत विषारी वायू सुटतो. राहत्या घरात त्यांना जागा नाही, मग गहू किडला तरी बेहत्तर.

वापरताना एक छोटी अडचण जाणवली. कोठीतून रोज गहू काढला की पातळी खाली जाते, टोपण उघडे पडते आणि सापळा कलंडतो. आम्ही आता दर शनिवारी शंकू रिकामे करताना नळ्या पुन्हा खोलवर खोचतो आणि कोणत्या सापळ्यात काय सापडले ते झाकणाच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवतो. चारपैकी दाराकडच्या सापळ्यातच सर्वाधिक किडे येतात. त्या बाजूच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, म्हणून पुढच्या वर्षी कोठीच हलवणार आहोत.